निवडणुकीआधीची खर्चकपात: पक्षांची भूमिका कशी तपासायची? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

"सरकारी खर्चात कपात करू" असे पक्ष म्हणतो, तेव्हा तो नेमके काय कमी करणार असतो?

या एका वाक्याचे चार अर्थ होतात आणि प्रचारात ते सर्रास एकमेकांत मिसळले जातात. पहिला अर्थ सरळ आहे: यंदा १०० कोटी खर्च झाले, पुढच्या वर्षी ९५ कोटी होतील. दुसरा: रक्कम तेवढीच राहील, पण महागाई वजा केली तर ती कमी भरेल. तिसरा: रक्कम वाढेल, पण आधी ठरले होते तेवढी वाढणार नाही. चौथा: रक्कम वाढेल, पण देशाच्या जीडीपीतला तिचा वाटा घटेल.

ऑस्ट्रेलियाच्या २०१४ च्या अर्थसंकल्पावरून झालेला वाद याचा उत्तम नमुना आहे. राज्यांना रुग्णालये आणि शाळा यांसाठी मिळणाऱ्या निधीत दहा वर्षांत ८० अब्ज डॉलरची कपात झाली, असे विरोधक म्हणत होते. निधी तर दर वर्षी वाढतोच आहे, असे सरकार म्हणत होते. आकडा कोणीच बनवलेला नव्हता. विरोधक आधीच्या सरकारने आखलेल्या वाढीशी तुलना करत होते, सरकार मागच्या वर्षीच्या रकमेशी. म्हणून कपातीचा कोणताही आकडा कानावर पडला की पहिला प्रश्न "किती?" हा नसावा, "कशाच्या तुलनेत?" हा असावा. याचे उत्तर नसेल तर पुढचा हिशेब मांडताच येत नाही.

खर्च "गोठवणे" म्हणजेही कपातच का?

होय, आणि ती दिसते त्यापेक्षा मोठी असते. एखाद्या खात्याची रक्कम चार वर्षे १०० वरच ठेवली आणि महागाई दर वर्षी ३ टक्के राहिली, तर चौथ्या वर्षाअखेरीस त्या १०० ची किंमत जेमतेम ८९ उरते. महागाई ५ टक्के असेल तर ८२. म्हणजे एकही योजना बंद न करता, एकही घोषणा न करता अकरा ते अठरा टक्के कपात झाली. पगार तर कोणी कमी करत नाही. मग हा फटका औषधे, इंधन, दुरुस्ती, वह्या-पुस्तके अशा गोष्टींना बसतो.

महागाई भडकलेली असेल तर हे हत्यार फारच धारदार होते. अर्जेंटिनात हावियेर मिलेई यांनी २०२३ चा प्रचार करवत हातात घेऊन केला. खर्चाला कात्री लावण्याचे ते प्रतीक होते आणि कपातीची किंमत राजकारणातली "जमात", म्हणजे मुरलेले राजकारणी, मोजतील असे ते सांगत होते. डिसेंबरमध्ये सत्ता आल्यावर मंत्रालयांची संख्या निम्म्यावर आली आणि सार्वजनिक बांधकामे थांबली, हे करवतीचे काम. पण सुरुवातीच्या महिन्यांत मोठी बचत झाली ती निवृत्तिवेतन महागाईच्या मागे पडल्यामुळे. तिथे लोक याला करवत नव्हे, मिक्सर म्हणतात, कारण यात रक्कम कापली जात नाही, महागाईत तिची किंमत दळली जाते. निवृत्तिवेतन महागाई निर्देशांकाशी कसे जोडलेले आहे आणि ते सूत्र पक्ष बदलणार का, हे म्हणूनच आवर्जून पाहावे.

"अमुक खात्याला हात लावणार नाही" या आश्वासनाचा अर्थ काय?

त्याचा अर्थ असा की बाकीच्या खात्यांवर दुप्पट-तिप्पट घाव बसेल. हिशेब सोपा आहे. एकूण खर्च १०० धरा. त्यातले २० कर्जावरच्या व्याजात जातात, ते टाळता येत नाहीत. निवृत्तिवेतन, आरोग्य आणि शिक्षण मिळून ४५, त्यांना अभय दिलेले. उरले ३५. आता पक्ष म्हणतो, एकूण खर्च फक्त ५ टक्क्यांनी कमी करू. ते ५ या ३५ मधूनच काढावे लागतात, म्हणजे उरलेल्या खात्यांत १४ टक्क्यांहून जास्त कपात. पोलीस आणि संरक्षण यांचे १५ आणखी बाजूला ठेवले तर उरतात २०, आणि कपात होते थेट २५ टक्के.

ब्रिटनमध्ये २०१० साली नेमके हेच झाले. आरोग्यसेवा आणि परदेशी मदत यांना संरक्षण मिळाले. ऑक्टोबरमध्ये खात्यांची सरासरी कपात १९ टक्के जाहीर झाली, पण या सरासरीत कोणाचे किती गेले ते दडलेले होते. केंद्राकडून स्थानिक संस्थांना मिळणारा पैसा २०१०-११ ते २०१७-१८ या काळात, महागाई वजा करता, जवळपास निम्म्याने घटल्याचे तिथल्या राष्ट्रीय लेखापरीक्षण कार्यालयाने नोंदवले. ग्रंथालये, रस्ते, वृद्धांची घरपोच सेवा हे सगळे त्याच निम्म्यात होते.

कधी कधी आकडा मुळातच मावणारा नसतो. अमेरिकेत ऑक्टोबर २०२४ च्या एका प्रचारसभेत इलॉन मस्क यांनी किमान २ लाख कोटी डॉलर वाचवता येतील असे सांगितले. त्या वर्षीचा संघराज्याचा एकूण खर्च सुमारे पावणेसात लाख कोटी होता. पण त्यातला संसद दर वर्षी नव्याने मंजूर करते तो भाग साधारण १.८ लाख कोटीच होता, आणि संरक्षणही त्यातच आले. म्हणजे तो सगळा भाग शून्यावर आणला असता तरी २ लाख कोटी भरले नसते. एप्रिल २०२५ पर्यंत मस्क यांचा स्वतःचा अंदाज १५० अब्जांवर उतरला होता.

उधळपट्टी आणि भ्रष्टाचार थांबवला तर कपातीची गरजच पडणार नाही, हे खरे का?

उधळपट्टी असते आणि ती थांबवलीच पाहिजे. पण "कार्यक्षमतेतून बचत" हा जाहीरनाम्यातला सर्वांत आवडता आणि सर्वांत ठिसूळ आकडा असतो. कारण ही बचत मोजणे अवघड. खात्याने एका कामावर १० वाचवले आणि तेच १० दुसऱ्या कामावर घातले, तर कागदावर बचत दिसते, तिजोरीत मात्र काहीच परत येत नाही.

ब्रिटनमध्ये २००४ च्या गर्शन अहवालानंतर सरकारने २००७-०८ पर्यंत वर्षाला साडेएकवीस अब्ज पाउंड वाचवण्याचे लक्ष्य ठेवले. २००७ साली लेखापरीक्षकांनी तोवर दावा केलेल्या १३.३ अब्जांची छाननी केली. जेमतेम २६ टक्के बचत पक्की निघाली. ५१ टक्क्यांच्या मोजणीत शंका होत्या. उरलेले २३ टक्के सिद्धच होत नव्हते किंवा बरेच चुकीचे असण्याची शक्यता होती. म्हणून कार्यक्षमतेच्या बचतीतला एक चतुर्थांश भाग खरा धरावा आणि बाकीच्यासाठी पुरावा मागावा. हा काही नियम नाही, पण सावध माणसाला एवढे पुरते.

रिक्त पदे रद्द करून पैसे वाचतात का?

ज्या पदावर कोणीच बसलेले नाही त्याचा पगार आजही निघत नाही. ५०,००० पदे कमी करू असे पक्ष म्हणाला, तर त्यातली भरलेली किती, ते विचारा. भरलेली पदे कमी केली तरी पहिल्या वर्षी बचत फारशी दिसत नाही, कारण भरपाई, साठलेल्या रजेचे पैसे आणि लवकर सुरू झालेले निवृत्तिवेतन आधी द्यावे लागते. शिवाय तेच काम कंत्राटदाराकडे गेले तर खर्च "पगार" या शीर्षातून "सेवा" या शीर्षात जातो, एवढेच.

आकडा एका वर्षाचा आहे की पूर्ण पाच वर्षांचा?

"पाच वर्षांत ५०,००० कोटी वाचवू" हे वाक्य घ्या. बचत दर वर्षी सारखी असेल तर ती वर्षाला १०,००० कोटी. पण बहुतेक बचती हळूहळू चढत जातात. पहिल्या वर्षी एक हिस्सा, दुसऱ्या वर्षी दोन, असे करत पाचव्या वर्षी पाच धरले तर एकूण पंधरा हिस्से होतात. एक हिस्सा ३,३३३ कोटींचा. म्हणजे पहिल्या वर्षी वाचतील ३,३३३ कोटी आणि पाचव्या वर्षी १६,६६७ कोटी. त्याच पक्षाने नव्या योजनांसाठी पहिल्याच वर्षी १०,००० कोटी खर्च करायचे ठरवले असेल, तर मधली तूट कर्जाने भरली जाणार. जाहीरनाम्यात खर्च वार्षिक आणि बचत पाच वर्षांची एकत्रित, अशी मांडणी दिसली की तिथेच थांबून दोन्ही आकडे एका मापात आणावेत.

मालमत्ता विकून आलेला पैसा बचतीत धरलेला असेल तर तो वेगळा काढा. जमीन किंवा कंपनीतला हिस्सा एकदाच विकता येतो, अनुदानाचा खर्च मात्र दर वर्षी येतो.

मतदानाआधी पक्ष तपशील का सांगत नाहीत?

कपातीचा फटका कोणाला बसणार ते नावानिशी कळते, फायदा मात्र सगळ्यांत विरळ वाटला जातो. ज्याचे अनुदान जाणार तो नक्की विरोधात मत देतो, ज्याचा कर थोडासा वाचणार त्याला ते आठवतही नाही. प्रतिस्पर्धीही तपशिलाचीच वाट पाहत असतात.

ब्रिटनच्या २०१० च्या निवडणुकीत तूट जीडीपीच्या दहा टक्क्यांच्या घरात होती आणि तिन्ही मोठे पक्ष कपात हवीच म्हणत होते. मतदानाला जेमतेम दहा दिवस उरले असताना इन्स्टिट्यूट फॉर फिस्कल स्टडीज या संस्थेने हिशेब मांडला. लागणाऱ्या कपातीपैकी किती कपात कुठून करणार ते सांगण्यात लिबरल डेमोक्रॅट सर्वांत पुढे होते, तरी त्यांनीही सुमारे एक चतुर्थांशच उघड केले होते. हुजूर आणि मजूर पक्ष त्याहून मागे. २०१५ मध्ये हुजूर पक्षाने कल्याणकारी योजनांतून १२ अब्ज पाउंड वाचवू असे सांगितले, बहुतेक तपशील मात्र निवडून आल्यावर बाहेर आला. कमी पगाराच्या कुटुंबांना मिळणाऱ्या करसवलतींना कात्री लागणार हे जुलैत कळले, ऑक्टोबरमध्ये वरिष्ठ सभागृहाने ती अडवली आणि नोव्हेंबरमध्ये अर्थमंत्र्यांनी मागे घेतली. आधी न सांगितलेली कपात टिकवणेही कठीण जाते, ते असे.

उलट उदाहरणही आहे. स्वीडनमध्ये १९९३ साली तूट जीडीपीच्या ११ टक्क्यांवर गेली होती. सोशल डेमोक्रॅट पक्षाने १९९४ ची निवडणूक खर्चकपात आणि करवाढ दोन्ही उघड सांगून लढवली आणि जिंकली. १९९८ पर्यंत अर्थसंकल्प शिलकीत आला. त्या वर्षी त्यांची मते ४५ वरून ३६ टक्क्यांवर घसरली, पण सत्ता राहिली. लोकांना खरे सांगितले तर हरतोच, हा समज म्हणून पूर्णपणे बरोबर नाही.

डावे पक्ष खर्च वाढवतात आणि उजवे कमी करतात, असे धरून चालावे का?

धरू नये. स्वीडनची कपात डाव्यांनी केली. कॅनडात १९९३ साली निवडून आलेल्या लिबरल पक्षाने १९९५ च्या अर्थसंकल्पात सुमारे ४५,००० सरकारी नोकऱ्या कमी करण्याचे जाहीर केले आणि प्रांतांना मिळणारा निधी घटवला. मोठा भार प्रांतांच्या रुग्णालयांवर आणि विद्यापीठांवर गेला.

खरा फरक पाहायचा तर तूट भरून काढताना कपात किती आणि करवाढ किती, हे गुणोत्तर पाहा. २०१० साली हुजूर पक्षाचे सूत्र चारास एक होते, म्हणजे चार भाग कपात आणि एक भाग कर. मजूर पक्षाचे दोनास एक. ध्येय जवळपास सारखे, पण ज्याला सरकारी सेवा लागते आणि ज्याला कर भरावा लागतो, त्या दोघांच्या दृष्टीने फरक प्रचंड.

पहिली कुऱ्हाड कशावर पडते?

जे अजून उभे राहिलेले नाही त्यावर. भांडवली खर्च थांबवला तर कोणाचा पगार जात नाही आणि कोणी संपावर जात नाही. ब्रिटनमध्ये २०१० साली नवे सरकार आल्यावर दोन महिन्यांत शाळाबांधणीचा राष्ट्रीय कार्यक्रम थांबवला आणि सातशेहून अधिक शाळांचे काम कागदावरच राहिले. गळके छप्पर मात्र पावसाची वाट पाहतच असते. दुरुस्ती पाच वर्षे पुढे ढकलली की ती दुरुस्ती राहत नाही, नवे बांधकाम होते.

दुसरा बळी स्थानिक संस्था. वरच्या सरकारने निधी कमी केला की सेवा बंद करण्याचा ठपका खालच्या सरकारवर येतो. जाहीरनाम्यात "स्थानिक संस्थांना अधिक स्वायत्तता" आणि "अनुदानांची फेररचना" शेजारी-शेजारी दिसली, तर दोन्ही एकत्र वाचावीत.

कपात दाखवून खर्च लपवता येतो का?

येतो. कर्ज सरकारऐवजी एखाद्या महामंडळाच्या नावावर काढायचे, किंवा खासगी कंपनीकडून इमारत बांधून घेऊन पंचवीस-तीस वर्षे भाडे भरायचे. ब्रिटनने १९९२ पासून या दुसऱ्या पद्धतीने रुग्णालये आणि शाळा बांधल्या आणि २०१८ मध्ये नवे करार बंद केले, हप्ते मात्र चालूच आहेत. पक्षाने महामंडळांची हमी आणि थकीत बिले यांचा उल्लेखच केला नसेल, तर त्याचा हिशेब अर्धाच आहे.

लगेच कपात हवी की हळूहळू? पक्ष यावर का भांडतात?

कारण दोन्हीकडे खरा धोका आहे. उशीर केला तर व्याजाचा बोजा वाढतो आणि सावकारांचा विश्वास उडाला तर निर्णय आपल्या हातात राहत नाही. मंदीत घाई केली तर लोकांच्या हातातला पैसा कमी होतो, करवसुली घटते आणि वाचवलेल्या पैशातला काही भाग तिथेच जिरतो. आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या ब्लांचार्ड आणि ली या अर्थतज्ज्ञांनी जानेवारी २०१३ मध्ये दाखवले, की संकटाच्या सुरुवातीला युरोपातल्या कपातीचा वाढीवर होणारा परिणाम अंदाजकर्त्यांनी कमी धरला होता. म्हणून पक्षाला तारीख विचारताना बेरोजगारी वाढली तर ती तारीख पुढे ढकलणार का, हेही विचारावे.

"सत्तेत आल्यावर कळले, तिजोरी रिकामी आहे" हे कारण मान्य करावे का?

क्वचित. ग्रीसमध्ये ऑक्टोबर २००९ च्या निवडणुकीनंतर तुटीचा आकडा खरोखरच बदलला. नव्या सरकारने तो जीडीपीच्या १२ टक्क्यांच्या पुढे असल्याचे सांगितले, जुन्या अंदाजाच्या कितीतरी वर. पण जिथे आकडे आधी जाहीर होतात तिथे ही सबब टिकत नाही. ऑस्ट्रेलियात १९९८ च्या कायद्यानुसार निवडणुकीचा आदेश निघाल्यापासून दहा दिवसांत प्रशासनाला आर्थिक स्थितीचा अहवाल द्यावा लागतो, त्यात मंत्र्यांचा हस्तक्षेप चालत नाही. २०१३ मध्ये असा अहवाल समोर असतानाही तेव्हाचे विरोधी पक्षनेते टोनी अ‍ॅबट यांनी मतदानाच्या आदल्या दिवशी आरोग्य, शिक्षण आणि सरकारी प्रसारण सेवा यांत कपात नाही असे सांगितले, आणि निवडणूक जिंकल्यावर पुढच्या मे महिन्यात प्रसारण सेवेचा निधी घटवला. डॉक्टरकडे जाताना ७ डॉलर भरण्याची योजनाही त्याच अर्थसंकल्पात होती. ती पुढे सोडून द्यावी लागली.

पक्षांचे हिशेब कोणी तपासते का?

काही देशांत. नेदरलँड्समध्ये आर्थिक धोरण विश्लेषण संस्था १९८६ पासून जाहीरनाम्यांचा खर्च मोजते. भाग घेणे ऐच्छिक आहे, पण जो पक्ष घेत नाही त्याला लोक कारण विचारतात. कॅनडात २०१९ च्या निवडणुकीपासून संसदेचा अर्थसंकल्प अधिकारी पक्षांच्या विनंतीवरून प्रस्ताव मोजून देतो. भारतात २०१३ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर निवडणूक आयोगाच्या मार्गदर्शक सूचनांत आश्वासनांमागचे कारण आणि पैसा कुठून येणार ते ढोबळपणे सांगावे असे आले. "ढोबळपणे" या शब्दाने पळवाट ठेवली आहे, हे खेदाने नोंदवावे लागते.

तासाभरात स्वतः तपासायचे तर काय करावे?

आधी गेल्या तीन वर्षांचे अर्थसंकल्प उघडा आणि प्रत्येक खात्याचे तीन आकडे लिहून घ्या: अर्थसंकल्पीय अंदाज, सुधारित अंदाज आणि प्रत्यक्ष खर्च. बहुतेक चुका इथेच होतात. खात्याला १,००० कोटी मंजूर झाले आणि प्रत्यक्ष खर्च झाले ८५०. पक्ष म्हणतो दहा टक्के कपात, म्हणजे ९००. ही कपात नाही, ५० कोटींची वाढ आहे. तुलना नेहमी प्रत्यक्ष खर्चाशी करा.

मग पगार, निवृत्तिवेतन आणि व्याज यांचा बांधील खर्च वजा करा. त्यानंतर पक्षाने अभय दिलेली खाती वजा करा. जे उरेल त्याने कपातीच्या रकमेला भागा, टक्केवारी समोर येईल. ती १५ च्या पुढे गेली तर कोणत्या योजना बंद होणार त्यांची यादी मागण्याचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. शेवटी नव्या आश्वासनांचा वार्षिक खर्च त्याच कागदावर लिहा. कागदाच्या एका बाजूला कपात आणि दुसऱ्या बाजूला नवा खर्च ठेवला की पुष्कळ भाषणांचे वजन तिथेच कळते.

आघाडी सरकार आले तर जाहीरनामा कोणाचा धरायचा?

कोणाचाच पूर्ण नाही. २०१० साली लिबरल डेमोक्रॅट पक्षाच्या उमेदवारांनी विद्यापीठाच्या शुल्कवाढीविरोधात मत देण्याची लेखी शपथ घेतली होती. आघाडीत गेल्यावर त्याच वर्षी डिसेंबरमध्ये शुल्काची कमाल मर्यादा ९,००० पाउंड झाली. २०१५ मध्ये त्यांच्या जागा ५७ वरून ८ वर आल्या. लहान पक्षाला म्हणून एकच विचारा: तुमच्या कोणत्या अटीवर आघाडी मोडेल?

निकालानंतर काय पाहत राहावे?

पहिला पूर्ण अर्थसंकल्प महत्त्वाचा असतोच, पण त्यापेक्षा पुरवणी मागण्या, म्हणजे वर्षाच्या मध्येच सरकार मंजूर करून घेते तो जादा खर्च, पाहाव्यात. अर्थसंकल्पात कापलेली रक्कम सहा महिन्यांनी पुरवणी मागणीतून परत आली, की कपात फक्त भाषणापुरती होती. आर्थिक वर्षाच्या शेवटच्या महिन्यात किती निधी अखर्चित परत गेला तेही पाहा. घोषणा न करता झालेली कपात तिथे सापडते. आणि लेखापरीक्षकांचा अहवाल यायला एक-दोन वर्षे लागतात, तेव्हा प्रचारातला कपातीचा आकडा, तारीख आणि तो कोणी म्हटला ते आजच लिहून ठेवा.